मेंदूवर पीएच.डी. करताय? आधी वडिलांचं पासबुक बघा

मेंदूवर पीएच.डी. करायचं ठरवलंत? छान. आता पहिलं काम, गावात कुणाला सांगू नका. आमच्या लातूरकडं 'मेंदू' म्हटलं की माणसं सरळ नीटची रँक विचारतात. चुलते सोयाबीनच्या मळणीतून मान वर काढून म्हणतील, "मग दवाखाना कव्हा टाकायलास?" तुम्ही उंदराच्या मेंदूचे काप करणार आहात हे चुकूनही बोलू नका. उंदराचं औषध मोंढ्यात मिळतं, त्याला पाच वर्षं कशाला, या प्रश्नावर भल्याभल्यांची बोलती बंद झालेली आहे.

पैशाची तर काळजीच नको. सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते. नुसती नेट निघाली तर तासिका तत्त्वावर शिकवायला तुम्ही मोकळे. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, लागली तर महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,०००, निदान कागदावर तरी. शिवाय फेलोशिप द्यायला केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग म्हणजे डीबीटी आहे, वैद्यकीय संशोधनाची आयसीएमआर आहे, आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. यासाठी गाईडपेक्षा सेतूतल्या पोराशी ओळख ठेवा. गाईड फार तर प्रबंध अडवील, दाखला नाही अडवणार.

प्रयोगशाळा मात्र लांब शोधा. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र हरियाणात मानेसरला आहे. घरच्यांना वाटेल पोरगं मारुतीच्या कारखान्यात लागलं. वाटू द्या, सोयरिकीला बरं पडतं.

२०२३ च्या हिवाळी अधिवेशनात, पीएच.डी. करून ही पोरं काय दिवे लावणार, असं विचारलं गेलं होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कॅल्शियम इमेजिंग नावाच्या तंत्रात उंदराच्या मेंदूतल्या पेशी काम करताना खरोखरच हिरव्या उजळतात. या विषयात दिवेच लावायचे असतात.

आता मुख्य मुद्दा. मेंदू-शास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेले प्रयोग तुम्हाला अभ्यासाला येतीलच. माकडाला आधी इशारा, मग घोटभर फळाचा रस. सवय झाली की डोपामिनच्या, म्हणजे मेंदूतल्या बक्षिसाशी जोडलेल्या रसायनाच्या, पेशी रसावर नाही, इशाऱ्यावरच पेटतात. आणि इशारा होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणाला त्या पेशी गप्प होतात. अनपेक्षित मिळालं तर मात्र जोरात उसळतात.

हे नीट वाचलंत तर लक्षात येईल की फेलोशिप वेळेवर न देणाऱ्यांचा मेंदूचा अभ्यास तुमच्यापेक्षा पक्का आहे. निवड यादी हा इशारा. मग हजेरीपत्रक, प्रगती अहवाल, खर्चाचा दाखला, सही राहिली म्हणून परत, शिक्का पुसट म्हणून परत. माकडाला रसासाठी सेकंद-दोन सेकंद थांबावं लागायचं. मी नऊ महिने थांबलो. पण माकडाला खोलीभाडं नव्हतं, हेही धरलं पाहिजे.

तेव्हा अपेक्षाच ठेवू नका, म्हणजे जमा झालेच तर डोपामिन भरपूर. मी तसंच केलं. मेसच्या रांगेत ताट धरून उभा होतो आणि मोबाइल वाजला: खात्यात २,००० रुपये जमा. पीएम किसानचा हप्ता. वडिलांच्या खात्याला नंबर माझा जोडलेला आहे.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "तुला किती पाठवू?"