‘पैसे घेतले नाहीत, मग गुन्हा कसला?’ पीडीएफसोबत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

भरतीची जाहिरात निघाली की मराठवाड्यातल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर पीडीएफचा पाऊस पडतो. तलाठी आणि पोलीस भरतीचे प्रश्नसंच, संभाजीनगरच्या स्पर्धा परीक्षा क्लासची गाईडं, लातूर-नांदेडच्या नीटच्या नोट्स, शिवाय रोजचं वर्तमानपत्र. त्यांच्यासोबत एक मेसेजही फिरतो. शब्द बदलतात, मजकूर साधारण असा: फाईल डाऊनलोड करणं आणि पुढे पाठवणं बेकायदा नाही, कारण आपण पैसे घेत नाही. हेतू शैक्षणिक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात कोर्टानेच झेरॉक्सला परवानगी दिली आहे. श्रेय मूळ मालकाला दिलं आहे. २४ तासांत डिलीट केलं की प्रश्न मिटला. ज्या पुस्तकाची नोंदणी नाही किंवा जे बाजारात मिळत नाही, त्याला कॉपीराइट नसतो.

यातला दिल्लीच्या खटल्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचे चूक आहेत. पण त्या अर्ध्या खऱ्या मुद्द्याच्या आधाराने बाकीचेही लोकांना पटतात.

आधी पैशांचं बघू. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १४ मध्ये मालकाचे हक्क दिले आहेत: प्रत काढणं, इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं, प्रती लोकांना देणं, लोकांपर्यंत पोहोचवणं, भाषांतर करणं. यातलं काही परवानगीशिवाय केलं की कलम ५१ प्रमाणे हक्कभंग होतो. त्यासाठी पैसे घेतलेच पाहिजेत, अशी अट तिथे नाही. पैशांचा प्रश्न येतो तो शिक्षा ठरवताना. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला किंवा त्याला साथ देणाऱ्याला किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल, तर न्यायालय निकालात खास कारणं नोंदवून शिक्षा किमान मर्यादेच्या खाली आणू शकतं. म्हणजे फुकट वाटणाऱ्याला शिक्षेत सवलत मिळू शकते, पण गुन्हा गुन्हाच राहतो. २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. त्यामुळे पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाची वाट न पाहता गुन्हा नोंदवू शकतात. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो हक्क म्हणून मिळत नाही, द्यायचा की नाही ते न्यायालय ठरवतं.

‘जाणूनबुजून’ या शब्दावर बोट ठेवून सुटता येईल असं काहींना वाटतं. स्कॅन केलेल्या बहुतेक गाईडांचं दुसरं पान उघडून बघा. मुखपृष्ठामागचं पानही स्कॅन झालेलं असतं आणि त्यावर प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग छापू वा प्रसारित करू नये, हे छापलेलं असतं. ज्या फाईलमध्येच ही सूचना आहे ती तीनशे जणांना पाठवणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं अवघड जातं.

आता शैक्षणिक हेतू. कलम ५२ मध्ये सवलतींची मोठी यादी आहे आणि विद्यार्थ्यांनी ती खरोखर वापरावी. ५२(१)(अ) प्रमाणे खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, संशोधन त्यात आलंच, रास्त प्रमाणात प्रत काढता येते. फक्त सॉफ्टवेअरला ही सवलत लागू नाही. ग्रंथालयातल्या संदर्भग्रंथाचं एक प्रकरण मोबाईलने स्कॅन करून स्वतःपुरतं ठेवलं, तर कुणी हरकत घेऊ शकत नाही. याच कलमाच्या (आय) खंडात शिक्षक आणि विद्यार्थी यांना शिकवण्याच्या ओघात प्रती काढायला मुभा आहे. प्रश्नपत्रिकेत उतारा देणं आणि उत्तरात तो लिहिणं हेही त्यातच येतं.

दिल्लीचा खटला या (आय) खंडाचा होता. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी हे दुकान विद्यापीठाने नेमलेल्या अभ्यासक्रमातली पुस्तकांची ठरावीक पानं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देत होतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी तो फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ ला खंडपीठाने शिकवण्याच्या गरजेपुरत्या प्रती काढता येतात हे तत्त्व उचलून धरलं. निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे आणि महत्त्वाचा आहे. पण त्याची चौकट नीट बघा. तिथे शिक्षक आहेत, अभ्यासक्रम आहे, त्यात नेमलेली पानं आहेत आणि तो अभ्यासक्रम शिकणारे विद्यार्थी आहेत. हजारो अनोळखी सभासदांच्या चॅनलवर चालू वर्षाचं अख्खं गाईड टाकलं की यातलं काहीच उरत नाही. ते टाकणारा त्यांना शिकवत नाही, आणि ज्या विद्यार्थ्याने ते विकत घ्यावं म्हणून गाईड छापलं, त्याच्याच हाती ते फुकट जातं. रास्त वापर तपासताना न्यायालयं हेही पाहतात, की या प्रतीमुळे मूळ पुस्तकाची जागा घेतली जाते का.

आणि हे नुकसान नेहमी दिल्ली-मुंबईच्या मोठ्या कंपनीचंच होतं असं नाही. आपल्याकडे कितीतरी शिक्षक स्वतःच्या खर्चाने हजार-अकराशे प्रती छापतात. अशा पुस्तकाची पहिली आवृत्ती उधारी फेडते आणि दुसरी थोडंफार देते. पहिल्याच महिन्यात पीडीएफ फुटली तर दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे सुधारलेलं पुस्तकही येत नाही. मग पुढच्या वर्षीचे विद्यार्थी जुन्या चुकांसकट तीच पीडीएफ वाचत बसतात.

श्रेय दिल्याने परवानगी मिळत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओखाली ‘१९७६ च्या कायद्याचं कलम १०७’ असा इंग्रजी परिच्छेद चिकटवण्याची पद्धत आहे. ते कलम अमेरिकेच्या कायद्याचं आहे. परभणीत बसून परभणीच्याच लेखकाचं पुस्तक वाटताना त्याचा काही उपयोग नाही. याउलट काही जण मुखपृष्ठ आणि लेखकाचं नाव कापून, त्या जागी आपल्या चॅनलचा शिक्का मारून फाईल पसरवतात. तो तर आणखी वेगळा गुन्हा आहे. कामाचं नाव, लेखक, हक्कधारक आणि वापराच्या अटी सांगणारी माहिती जाणूनबुजून काढून टाकली किंवा बदलली, तर कलम ६५ब प्रमाणे २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. क्लासच्या अॅपचं कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडून फाईल बाहेर काढली, तर कलम ६५अ प्रमाणे तेवढीच शिक्षा.

२४ तासांचा नियम भारताच्या कायद्यात कुठेच नाही. प्रत तयार झाली त्या क्षणी कृती झाली. टोरेंटमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांची यंत्रंच एकमेकांना फाईल देतात त्या पद्धतीत, तर ‘मी फक्त डाऊनलोड केलं’ हे म्हणणंही टिकत नाही. टोरेंट फाईलचे लहान तुकडे करतं. एक मेगाबाइटचा तुकडा धरला, तर १.४ जीबीच्या चित्रपटाचे साधारण १४०० होतात. प्रत्येक तुकडा आला की त्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक, ताडून बघितला जातो, आणि तो जुळला की तुमचं यंत्र तो लगेच इतरांना द्यायला लागतं. दहा टक्के डाऊनलोड होईपर्यंत तुम्ही वाटप करणारे झालेले असता, आणि तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, त्या टोरेंटमधल्या प्रत्येकाला दिसत असतो.

नोंदणीचं थोडक्यात: कलम ४५ खालची नोंदणी ऐच्छिक आहे. लिहून झालं की कॉपीराइट आपोआप येतो. आयएसबीएन हा पुस्तकाचा क्रमांक आहे, त्याचा हक्काशी संबंध नाही.

बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाचा मुद्दा मात्र खरा जिव्हाळ्याचा आहे, कारण मराठवाड्याच्या इतिहासावरची कितीतरी पुस्तकं आज दुकानात मिळत नाहीत. आवृत्ती संपली म्हणून हक्क संपत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं असं लेखन २०१७ पासून खुलं झालं. निधनानंतर पहिल्यांदा छापलं गेलेलं लेखन असेल, तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. १९६५ मध्ये किंवा त्याआधी वारलेल्या लेखकांसाठी २०२६ च्या १ जानेवारीपासून वाट मोकळी आहे. पैठणच्या नाथांचं भागवत, गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग, नामदेवांची गाथा यांच्या मूळ संहितेवर कुणाचाच हक्क नाही. पण गेल्या काही दशकांत एखाद्या अभ्यासकाने त्यांना लिहिलेली प्रस्तावना, टीपा आणि अर्थ यांवर त्या अभ्यासकाचा हक्क आहे. अभंग टाईप करून पाठवा. सार्थ आवृत्तीची पानं स्कॅन करून पाठवू नका.

ग्रंथालयांसाठी दोन तरतुदी आहेत आणि गावोगावच्या वाचनालयांना त्या फारशा माहीत नसतात. जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नाही, त्याच्या ३ पर्यंत प्रती ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाचा प्रमुख ग्रंथालयाच्या वापरासाठी काढू शकतो. ते कलम ५२(१)(ओ). आणि छापील प्रत ग्रंथालयाकडे आधीच असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रतही ठेवता येते. ते ५२(१)(एन). वाळवी आणि ओल यांनी पुस्तकं संपण्याआधी ग्रंथपालांनी या तरतुदी वापराव्यात. ती फाईल मात्र ग्रंथालयातच राहायला हवी.

चित्रपटांना दुसरा कायदाही लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात चित्रपटगृहात मोबाईलने चित्रपट टिपण्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आहे, आणि दंड ३ लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. मोबाईल दुकानात वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड भरून देणाऱ्याला तर ‘फायद्यासाठी केलं नाही’ ही सवलतही मिळणार नाही. डीटीपीच्या दुकानात क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं, तर कलम ६३ब लागतं: किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद. लिबरऑफिस आणि मुक्त परवान्याचे मुक्ता, नोटो असे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, तेव्हा ही जोखीम घेण्याचं कारणच नाही.

उलट्या बाजूची भीतीही पसरवली जाते, ती खोडणं तितकंच गरजेचं आहे. २०१६ मध्ये चोरटे चित्रपट दाखवल्याबद्दल बंद केलेल्या संकेतस्थळांवर ‘पाहणंही गुन्हा, ३ वर्षं कैद’ असा अर्थ निघेल अशी सूचना झळकली आणि लोक घाबरले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्पष्ट केलं, की गुन्हा पाहण्यात नाही. परवानगीशिवाय वाटप करणं, जाहीर प्रदर्शन करणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे. ग्रुपचा अॅडमिन प्रत्येक सभासदाच्या पोस्टसाठी आपोआप गुन्हेगार होत नाही, हे नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका वेगळ्या प्रकारच्या फौजदारी प्रकरणात सांगितलं. पण ज्या चॅनलवर फक्त अॅडमिनच टाकू शकतो, तिथे टाकणारा अॅडमिनच असतो.

‘टेलिग्रामवर कोण पकडतं?’ हा प्रश्न मेसेजमध्ये नसतो, लोकांच्या मनात असतो. क्लासचं साहित्य टेलिग्राम चॅनलवर फिरल्याच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायचा आदेश दिला. सर्व्हर सिंगापूरला आहेत ही सबब चालली नाही. टेलिग्रामने नावं, फोन नंबर आणि आयपी पत्ते बंद पाकिटात न्यायालयाला दिले. शिवाय अनेक क्लास आपल्या पीडीएफच्या प्रत्येक पानावर विद्यार्थ्याचा नंबर फिकट अक्षरांत छापतात, त्यामुळे फाईल कुणाकडून फुटली हे पहिल्याच पानावर कळतं. दिवाणी दाव्याची अडचण आणखी वेगळी. कलम ६२ प्रमाणे पुण्याचा प्रकाशक पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, आणि हिंगोलीच्या मुलाला तारखांना तिकडे जावं लागतं.

कायदेशीर मिळण्यासारखं पुष्कळ आहे. बालभारती आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर, मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाईन, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं पीडीएफमध्ये, विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाईन भांडारात. राजपत्र आणि न्यायालयांचे निकाल तर कलम ५२(१)(क्यू) मुळे छापायला आणि वाटायलाही मोकळे आहेत. संशोधकांसाठी जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना सुरू आहे. तीत ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना उघडली आहेत. ग्रुपवर पाठवताना शक्य तिथे फाईलऐवजी अधिकृत पानाची लिंक पाठवा. नवी आवृत्ती आली की तीच उघडते आणि परवानगीचा प्रश्नही येत नाही.

तुमच्याच नोट्स कुठे फुटल्या असतील, तर चॅनलचं नाव, प्रत्येक फाईलची लिंक आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट आधी घ्या, कारण तक्रारीचा सुगावा लागला की चॅनलचं नाव बदलतं. मग त्या सेवेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा: काम कोणतं, हक्क तुमचा कसा, नेमकं कुठे आहे, आणि ते सवलतीत का बसत नाही. कॉपीराइट नियम २०१३ च्या नियम ७५ प्रमाणे तक्रार पटली तर ३६ तासांत ती फाईल बंद करायची असते. ही बंदी २१ दिवस टिकते. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर ती सेवा फाईल पुन्हा खुली करू शकते. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी गाठा, विसाव्या दिवशी नको.