मावशीचा कप आणि तो फॉरवर्ड

‘घरात जुना इंग्लिश कप आहे? तुम्ही लखपती आहात!’ असा एक फॉरवर्ड महिनाभर आमच्या नात्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्षच केलं असतं. पण तो बर्मिंगहॅमला मावशीकडे पोचला आणि तिने त्यातला चौथा मुद्दा अमलात आणला.

चौथा मुद्दा: ‘चिरेतला चहाचा डाग रात्रभर ब्लीचमध्ये ठेवा, किंमत दुप्पट.’ मावशीकडे रॉयल वूस्टर या इंग्लिश चिनीमाती कारखान्याचा छोटा कॉफीचा कप आहे. धुकट डोंगर, पाण्याकाठी दोन झिपऱ्या हायलँड गाई, कोपऱ्यात तिथला चित्रकार जॉन स्टिंटनची सही. कानाखाली केसाएवढी चीर. सकाळी ती पांढरी झाली होती, हे कबूल. पण पुसताना काठावरचं सोनं फडक्याला लागलं. लागणारच! असं चित्र ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराच्या, वर काढतात आणि कमी आचेवर पुन्हा भाजतात. सोन्याची पाळी सगळ्यांत शेवटी, म्हणून पकडही सगळ्यांत कच्ची. शिवाय ब्लीच चिरेत मुरतं, त्याचे क्षार आतच राहतात आणि पुढे ग्लेझ उचकटू शकतात. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. यापलीकडे काही करायचं नाही. डाग राहिला तर राहू दे, बाई.

‘तळाला मुकुट म्हणजे राणीसाठी बनवलेला.’ नाही. ती कारखान्याची खूण आहे, हजारो कपांवर आहे. वूस्टरला राजा तिसऱ्या जॉर्जने १७८९ साली राजमान्यता दिली होती, एवढं खरं मानू.

‘उजेडात बोटं दिसली, टिचकीला घंटेसारखा वाजला, की दोनशे वर्षं जुना.’ बोन चायनात निम्म्याच्या आसपास हाडांची राख असते. कालपरवा दुकानातून आणलेला कपही तसाच वाजतो. त्यापेक्षा तळाचे ठिपके मोजा. जेफ्री गॉडन यांच्या खुणांच्या कोशात ही पद्धत दिली आहे: १८९२ पासून वूस्टरने खुणेभोवती दरवर्षी एक ठिपका वाढवला, १९१५ ला चोवीस झाले. मावशीच्या कपावर पंधरा आहेत. म्हणजे १९०६. दोनशे वर्षं कुठली?

‘सही नसेल तर छापील.’ साफ चूक. वूस्टरच्या चित्रकारांना सही करायची मुभाच साधारण १९०० नंतर मिळाली, आणि छापील चित्रात सहीसुद्धा छापलेली असू शकते. भिंग घ्या. सारखे बारीक ठिपके दिसले तर छापील, कुंचल्याचे फटकारे दिसले तर हाताचं. डर्बी या दुसऱ्या इंग्लिश कारखान्याच्या अठराव्या शतकाअखेरच्या भांड्यांवर तर सही शोधूच नका. तिथे बरेचदा तळाशी निळ्या अक्षरांत चित्रातल्या जागेचं नाव असतं.

मावशीने हा फॉरवर्ड आणखी चार मैत्रिणींना पाठवलाय. त्यातल्या एकीकडे डर्बीची बशी आहे, नदी आणि पुलाचं चित्र असलेली. तिचा फोन दोनदा लावला, उचलत नाहीये.