चिठ्ठ्या, खेळ आणि तीन आठवडे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मानवी हक्क शिकवणाऱ्यांसाठीच्या तीन आठवड्यांच्या निवासी प्रशिक्षणावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे लपवत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : एखाद्या जाणकाराने दोन दिवस कायदा आणि करार नीट समजावून सांगितले तर पुरे, त्यासाठी माणसं तीन आठवडे अडकवून ठेवायची गरज नाही. खेळ, नाटुकल्या आणि भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या हा पोरखेळ आहे. लोक प्रमाणपत्र आणि गटफोटो घेऊन घरी जातात आणि पुढे काही होत नाही. आणि शेवटचं वाक्य, 'हक्क रस्त्यावर मिळतात, सभागृहात नाही.'

यातल्या एका मुद्द्यावर तुम्ही पूर्ण बरोबर आहात. त्याकडे शेवटी येते.

आधी दोन दिवसांच्या व्याख्यानाचं बघू. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात ३० कलमं आहेत. सावकाश वाचली तरी अर्धा तास लागतो. दोन मोठे करार (एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा), तक्रार कुठे आणि कशी करायची, हे सगळं दोन दिवसांत खरंच सांगून होतं. मी स्वतः तशी व्याख्यानं दिली आहेत, लोकांनी वह्या भरून घेतल्या आहेत. पण या प्रशिक्षणाला येणारा माणूस फक्त स्वतःसाठी शिकायला आलेला नसतो. तो परत जाऊन दुसऱ्यांना शिकवणार असतो. कधी शिक्षकांना, कधी पोलिसांना, कधी ज्यांनी करार हा शब्दही ऐकलेला नाही अशांना. त्याला व्याख्यान ऐकवलं की तो परत जाऊन व्याख्यानच देतो. आपण जसे शिकलो तसंच शिकवतो, ही खोड सहजासहजी जात नाही.

एक प्रसंग सांगते. आमच्या एका तुकडीत एक वकील होते. कोर्टातला दांडगा अनुभव, भाषेवर पकड. सरावासाठी त्यांना अर्ध्या तासाचं सत्र घ्यायचं होतं : विषय समानता, समोर शेतमजूर बसलेत असं धरायचं. बाकीचे सहभागी शेतमजूर झाले. वकीलसाहेब सव्वीस मिनिटं बोलले, छान बोलले. संपल्यावर त्यांना एकच प्रश्न विचारला : तुमच्याशिवाय कोण बोललं? मागे बसून नोंद ठेवणाऱ्या बाईंनी कागद वर धरला. कोरा होता.

ते चिडले, आणि दोन दिवस फारसं कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पुन्हा उभे राहिले. या वेळी त्यांनी विचारलं, 'कामाच्या ठिकाणी पाणी प्यायला आधी कोण जातं?' आणि गप्प बसले. ही शांतता सोसणं त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं. हातातल्या पेनाचं टोपण ते उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, 'मुकादम.' दुसरा म्हणाला, 'मग पुरुष.' तिसरीने विचारलं, 'आणि आमचा पेला वेगळा का?' पुढची वीस मिनिटं वकीलसाहेबांना फार काही करावंच लागलं नाही. कलम त्यांनी शेवटी दोन वाक्यांत सांगितलं, आणि ते लोकांच्याच बोलण्याला जोडून. त्या दोन प्रयत्नांमधले चिडण्याचे दिवस तुमच्या दोन दिवसांच्या कार्यक्रमात कुठे बसवायचे?

हे माझ्या मनचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९ डिसेंबर २०११ रोजी मानवी हक्क शिक्षण आणि प्रशिक्षणावर वेगळा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या दुसऱ्या कलमात या शिक्षणाचे तीन भाग सांगितले आहेत : हक्कांविषयी शिकणं, हक्क पाळत शिकणं आणि हक्क वापरता यावेत, दुसऱ्यांचे जपता यावेत यासाठी शिकणं. तुमच्या दोन दिवसांत पहिला भाग होतो. ज्या वर्गात एकच माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात, तिथे दुसरा भाग सुरूच होत नाही.

आता खेळ. इथे तुमचा राग मला अर्धा पटतो. खेळासाठी खेळ घेणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. लोक हसतात, टाळ्या वाजतात, की लगेच पुढचं सत्र. खेळानंतर जे व्हायला हवं, म्हणजे काय घडलं, कुणाला काय वाटलं, हे बाहेरच्या जगात कुठे दिसतं, हा उलगडा त्यांना जमत नाही म्हणून ते तो टाळतात. उलगडा नसेल तर तो पोरखेळच. पण मला खेळांची खरी भीती वेगळ्याच कारणाने वाटते, आणि ती माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेली आहे.

सुरुवातीच्या काळात मी चौकशीच्या खोलीचं एक नाटुकलं बसवलं होतं. एक अधिकारी, एक ताब्यात घेतलेला माणूस, एक वकील. भूमिका मीच वाटल्या. ताब्यातल्या माणसाची भूमिका एका सहभागी बाईंना दिली, कारण त्या छान बोलायच्या. अधिकाऱ्याचं काम करणाऱ्याने टेबलावर हात आपटला, तशा त्या उठल्या आणि काही न बोलता बाहेर निघून गेल्या. त्यांना खरोखरच कोठडीत ठेवलं गेलं होतं. मी विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी मला एवढंच विचारलं, 'तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी नाही म्हणू शकले असते ना?'

छळाच्या नोंदी कशा घ्याव्यात यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची मार्गदर्शिका १९९९ पासून आहे, २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. पीडित माणसाची संमती घ्या, त्याच्या गतीने चला, जुनी जखम पुन्हा उघडणार नाही हे बघा, असं त्यात स्पष्ट आहे. मी ती वाचलेली होती. त्यावर सत्रही घेतलं होतं! माहिती होती, फक्त हातात उतरली नव्हती. तेव्हापासून भूमिका मी वाटत नाही; लोक निवडतात, मध्येच सोडता येतात, आणि ज्याला बाहेर बसायचं आहे त्याला कुणी कारण विचारत नाही.

रस्ता आणि सभागृहाबद्दल थोडंच. १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे इंग्रजी शब्द जाऊन 'सर्व माणसं' आली, त्याचं मोठं श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांना दिलं जातं. हे मसुदा तयार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या बैठकीत घडलं. त्या एका शब्दावर पुढे जगभर बायका रस्त्यावर भांडल्या, हेही खरं. त्याच जाहीरनाम्याची प्रस्तावना प्रत्येक व्यक्तीला आणि संस्थेला शिकवण आणि शिक्षणातून या हक्कांबद्दल आदर वाढवायला सांगते, त्यामुळे शिकवणं हे देणगीदारांनी नंतर काढलेलं खूळ आहे, असं निदान म्हणू नका. मानवी हक्क शिक्षणाचं काम करणारी कॅनडातल्या मॉन्ट्रियलची इक्विटास ही संस्था १९६७ ची. जाहीरनाम्याचा पहिला मसुदा तयार करणारे जॉन हम्फ्री तिच्या संस्थापकांपैकी एक. वेगवेगळ्या देशांतल्या कार्यकर्त्यांसाठी तीन आठवड्यांचं प्रशिक्षण या संस्थेने कित्येक दशकं घेतलं आहे. मसुदा लिहिणाऱ्यालाच तो शिकवण्याची सोय करावीशी वाटली, एवढं लक्षात घ्या.

आणि आता प्रमाणपत्र आणि फोटो. इथे माझ्याकडे उत्तर नाही, कबुली आहे. शेवटच्या दिवशी आम्ही फॉर्म वाटतो : प्रशिक्षण आवडलं का? सगळे दमलेले, हळवे झालेले, एकमेकांचे नंबर घेत असतात. अशा वेळी कोण नाही म्हणेल? सहा महिन्यांनी विचारायला हवं की किती सत्रं घेतली, समोर कोण होतं, कुठे अडलं. आम्ही एकदा विचारलं. निम्म्याहून कमी जणांनी उत्तर दिलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर एकच होतं : संस्थेने वेळच दिला नाही. संस्था अनेकदा माणूस बक्षीस म्हणून पाठवते, किंवा इंग्रजी येतं म्हणून पाठवते. काम करणारा मागे राहतो. म्हणून आता अर्जासोबत संस्थेचं पत्र मागतो, की परतल्यावर या व्यक्तीला शिकवायला ठरावीक वेळ दिला जाईल. काही संस्था पत्र देतात आणि नंतर विसरतात, हेही सांगून टाकते.

तुमच्या प्रतिक्रियेत ओझरतं एक वाक्य आहे : तुमच्या संस्थेतून दोघं असं प्रशिक्षण घेऊन आले, 'आणि नंतर पुन्हा हिशेबाच्या कामाला लागले'. त्यांना हिशेबाला कुणी बसवलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकाकडून परतल्यावर काय करणार याची योजना लिहून घेतात. त्या दोघांनीही लिहिली असेल, आणि कुठल्यातरी फाइलमध्ये ती अजून असेल. त्यांची हरकत नसेल तर ती मला पाठवाल का? त्यातलं एखादं सत्र तुमच्याकडे घ्यायचं ठरलं तर मागे बसून नोंद ठेवायला मी येईन.