मे महिन्यातला बर्फ आणि ‘रिकामटेकड्यांचे चोचले’: एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यातल्या माझ्या लेखाखाली ‘सह्याद्रीप्रेमी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मूळ लेखात मी एवढंच म्हटलं होतं की परदेशात बर्फ नाहीतर समुद्र बघायला निघालात तर देशाच्या आधी महिना ठरवा. स्की शिकायचं तर फेब्रुवारीत जॉर्जियातलं गुडाउरी, मालदीवला मार्च, आणि मे महिन्यात स्वित्झर्लंडमधला टिटलिस डोंगर आणि थायलंडचं फुकेत बेट शक्यतो टाळा. त्यावर हे आलं:

‘ताई, लेख माहितीपूर्ण आहे, पण नोकरदार माणसाला मोठी सुट्टी मेमध्येच मिळते, पोरांच्या शाळा तेव्हाच बंद असतात. फेब्रुवारीत स्की आणि मार्चमध्ये मालदीव हे रिकामटेकड्यांचे चोचले झाले. टिटलिसवर दोन तास बर्फात खेळून येणाऱ्यांना हसणं सोपं आहे. आमच्यासारख्यांची त्यात आयुष्यभराची पुंजी गेलेली असते. आणि गुलमर्ग असताना बाहेर कशाला? मालदीवच्या फेरीबोटी शुक्रवारी बंद असतात हेही तुम्ही लिहिलेलं नाही. साठीच्या पुढच्या माणसांनी काय करायचं, तेही नाही.’

नमस्कार. आपण ताई म्हणालात, बरं वाटलं. दुसऱ्या वाक्यापर्यंत टिकलं ते.

शुक्रवारचं आधी उरकून टाकते. शुक्रवार हा मालदीवमध्ये सुट्टीचा वार आणि राजधानी मालेहून माफुशी बेटावर जाणारी सरकारी फेरी त्या दिवशी सुटत नाही. हे लेखात असायला हवं होतं, मान्य, आणि तशी ओळ आता घातली आहे. अर्थात माफुशीला बहुतेक जण स्पीडबोटीनेच जातात आणि ती पाऊण तासाच्या आत पोचवते, त्यामुळे माझ्या त्या न लिहिलेल्या ओळीने कुणाची सहल बुडाली असेल असं मला वाटत नाही.

आता ‘हसणं’. मी कुठे हसले? तुमची प्रतिक्रिया आल्यावर मी स्वतःचाच लेख पुन्हा वाचला. टिटलिसबद्दलचं वाक्य असं आहे: ‘मेमध्ये टिटलिसवर बर्फ मिळतो, हिवाळा मिळत नाही.’ यात कुणाची टिंगल झाली? टिटलिसच्या केबल कारचं वरचं स्टेशन 3000 मीटरच्या वर आहे. तिथे हिमनदी आहे, म्हणून मेमध्येही बर्फ असतो. पण खालचं एंगेलबर्ग गाव साधारण 1000 मीटरवर आहे. मे महिन्यात तिथे हिरवंगार गवत असतं, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी असतात, लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कॉफी पीत बसलेले असतात. सकाळी उन्हाळ्यात नाश्ता करायचा, गोल फिरणाऱ्या रोटेर केबल कारमध्ये बसून वर हिवाळ्यात जायचं, फुगवलेल्या ट्यूबवर बसून बर्फावरून दोनदा घसरायचं आणि जेवायला पुन्हा उन्हाळ्यात उतरायचं. ज्याला हे हवं आहे त्याने जरूर करावं. बर्फाच्या गावात राहायचं, सकाळी दार उघडलं की पायरीवर गुडघाभर बर्फ, असं चित्र मनात घेऊन जो जातो त्याची मेमध्ये निराशा होते. हे आधी सांगणं म्हणजे हसणं असेल तर मग पावसाळ्यात महाबळेश्वरला धुकं असतं हे सांगणाऱ्यालाही तुम्ही झापायला हवं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगते. माझे वडील म्युनिसिपालिटीत कारकून होते. आमच्या लहानपणी प्रवास म्हणजे एलटीसी (नोकरीतली रजा प्रवास सवलत), होल्डॉल, आणि स्लीपर क्लासच्या वरच्या बर्थवर बसून खाल्लेला दहीभात. मी परदेश पहिल्यांदा पाहिला तो ग्रुप टूरनेच, आणि आईबाबांना बरोबर घेऊन. आम्ही टिटलिसवर गेलो तोही मे महिनाच होता! खालच्या स्टेशनात वरच्या कॅमेऱ्याचा पडदा लावलेला असतो. त्या दिवशी तो पडदा नुसता पांढरा होता. बर्फ नव्हे, ढग. तिकीट खिडकीपाशी उभं असलेलं एक जर्मन बोलणारं जोडपं तो पडदा बघून सरळ मागे फिरलं. आमची तिकिटं आधीच काढलेली होती, त्यामुळे आम्ही रांगेत. वर काहीही दिसलं नाही. आईने साडीवर भाड्याचा जाड कोट चढवला होता, पायात बाबांचे मोजे आणि माझे बूट. ट्यूबवर बसायला ती आधी तयारच नव्हती. मग बसली, घसरत खाली गेली, उठून पदर सारखा केला आणि पहिला प्रश्न विचारला: ‘याचे वेगळे पैसे नाहीत ना?’

तेव्हा ग्रुप टूरवाल्यांना हसायचं ठरवलं तर मला सुरुवात आमच्या घरापासून करावी लागेल. पुंजी कशी गोळा होते ते मला शिकवू नका. आमच्या सहलीसाठी बाबांनी मुदत ठेव मोडली होती. आणि त्यांनी ती ढग बघायला मोडली, याचं वाईट मला आजही वाटतं. नेमकं म्हणूनच मी महिन्यांवर लिहिते. ज्यांच्याकडे उधळायला पैसे आहेत त्यांना महिना चुकला तर काय फरक पडतो? ते दुसऱ्यांदा जातात. एकदाच जाणाऱ्याला महिना कळलाच पाहिजे. माझा लेख कोणाच्या बाजूचा होता, हे शांतपणे वाचलं असतंत तर दिसलं असतं.

हां, ल्युसर्नहून इंटरलाकेनला जाताना बसमध्ये बाकरवडीचं पाकीट फिरत असतं, मागे अंताक्षरी रंगात आलेली असते आणि खिडकीबाहेरून ब्रुनिगची खिंड कुणाचंही लक्ष नसताना निघून जाते, असं मी एका जुन्या लेखात लिहिलं होतं. त्याला तुम्ही टिंगल म्हणत असाल तर म्हणा. मी त्याला निरीक्षण म्हणते.

‘रिकामटेकडे’ हा शब्द मात्र मी सोडून देणार नाही. मी नोकरी करते. एका खासगी कंपनीत लोकांच्या पगाराचे हिशोब बघते, म्हणजे महिनाअखेरीला रजा ही गोष्टच नाही. गुडाउरीला जायला घेतलेली फेब्रुवारीतली रजा मला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. दिवाळीत सगळे गावाला गेले असताना ऑफिसात पणती लावून मी एकटी बसले आणि त्या रजा साठवल्या. मुलीची शाळा बुडाली, तिच्या वहीत लाल शाईने शेरा आला, तो तिने मला अभिमानाने दाखवला. हे सगळ्यांना जमेलच असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण ज्याला जमतं तो रिकामटेकडा, हे कुठलं तर्कशास्त्र?

आणि फेब्रुवारीच का, तर चोचले म्हणून नव्हे. स्की दोन तासांत येत नाही. गुडाउरीत पहिली सकाळ नुसते बूट घालण्यात जाते. तो बूट प्लास्टिकचा, घोट्यात वाकतच नाही. नडगी पुढे दाबून धरावी लागते आणि बकलं नीट आवळायची, नाहीतर टाच आत उचलली जाते आणि स्की ऐकत नाही. मग हळूहळू वर नेणाऱ्या पट्ट्यावर उभं राहायचं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकवलेली, असा फाळ करून थांबायला शिकायचं. आपण थांबायला शिकत असतो तेव्हा शेजारून चार वर्षांचं पोर काठ्यांशिवाय सुसाट निघून जातं. तिथला शिक्षक एकच गोष्ट सांगत राहतो: खाली बघू नका, जिथे जायचंय तिथे बघा. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात, तिसऱ्या दिवशी वळण यायला लागतं. मेमध्ये हे करणार कुठे? गुडाउरी तिबिलिसीपासून साधारण 120 किलोमीटरवर, 2200 मीटरच्या आसपास वसलेलं आहे. उतार बहुतेक दक्षिणेकडे तोंड केलेले. त्यामुळे ऊन छान मिळतं, पण मार्च सरत आला की दुपारी बर्फाचा लगदा होतो. त्यात तिथे झाडं नाहीत. ढग उतरला की वर-खाली काही कळत नाही, उतार संपलाय की सुरू होतोय तेही नाही. फेब्रुवारीत बर्फ घट्ट असतो म्हणून फेब्रुवारी. ज्यांना जॉर्जियाच्या व्हिसाची कटकट नको त्यांच्यासाठी कझाकस्तानातलं अल्माटी आहे. 2022 पासून भारतीयांना तिथे 14 दिवस व्हिसा लागत नाही. शहराबाहेरच्या मेदेऊच्या स्केटिंग रिंकपासून केबल कार थेट शिंबुलाकच्या उतारावर नेते. तिथलाही हंगाम एप्रिलमध्ये आवरतो.

राहिला तुमचा मे. मेमध्ये हवामान तसं आहे याला मी जबाबदार नाही. शाळांच्या सुट्ट्या मी ठरवत नाही, शिक्षण खात्याला पत्र लिहा. उत्तर गोलार्धात स्कीचा हंगाम तेव्हा बहुतेक ठिकाणी संपलेला असतो, न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनचे उतार जूनच्या मध्याला उघडतात, आणि तोवर आपल्या शाळांची घंटा वाजलेली असते. स्कीच करायची असेल तर ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स आहे, तिथल्या हिमनदीवर वर्षभर स्की चालते. आणि ज्याला मे जमत नसेल त्याला दिवाळी आहेच. ऑस्ट्रियाच्याच सोल्डनला ऑक्टोबरच्या शेवटी हिमनदीवर स्की वर्ल्ड कपच्या शर्यती सुरू होतात, म्हणजे तेव्हा वर बर्फ असतोच. हे लेखात नव्हतं कारण लेखातला स्कीचा भाग पहिल्यांदा स्की शिकणाऱ्यांसाठी होता, आणि हिमनदीवर 3000 मीटरवर पहिला धडा गिरवावा असं मी कुणाला सांगणार नाही.

बेटांचं तर अगदी सोपं आहे, त्यात वाद घालण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. मेपासून ऑक्टोबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारा फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर आपटतो, पाटोंग, काटा, कारोन या किनाऱ्यांवर लाल बावटे लागतात, आणि लाल बावटा असताना पाण्यात जायचं नसतं, कितीही हॉटेलचे पैसे भरलेले असोत. सिमिलन बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. त्याच थायलंडच्या दुसऱ्या बाजूला कोह सामुई आहे, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणून मेमध्ये तिकडे जावं. मालदीवमध्येही मेमध्ये वारा फिरतो. मात्र मांटा रे हे भलेमोठे मासे बघायचे असतील तर उलट हाच हंगाम सुरू होत असतो, बा अटॉल या प्रवाळबेटांच्या कड्यातल्या हनिफारूच्या खाडीत. पण लहान मुलं आणि उचंबळणारा समुद्र हे गणित मला जमत नाही. मेमध्ये डोळे मिटून कुठे जावं, तर विषुववृत्ताच्या खाली. बालीत कोरडा हंगाम लागलेला असतो, मॉरिशसमधलं चक्रीवादळांचं सावट बहुतेक सरलेलं असतं आणि हवा सुखाची असते.

गुलमर्ग सुंदर आहे. लेख परदेशाबद्दल होता.

साठीच्या पुढच्यांबद्दलचा प्रश्न हा तुमच्या प्रतिक्रियेतला एकमेव खरा प्रश्न, आणि तो तुम्ही शेवटी ठेवलात. स्वित्झर्लंडमधल्याच युंगफ्राउयोखचं डोंगरावरचं रेल्वे स्टेशन 3454 मीटरवर आहे. कळसूबाई 1646. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर आपण आईवडिलांना सकाळच्या नाश्त्यानंतर बसल्याजागी नेऊन ठेवतो. त्यात 2020 पासून आयगर एक्सप्रेस ही केबल कार आल्यामुळे खालच्या ग्रिंडेलवाल्डहून आयगरग्लेचरपर्यंतचा टप्पा पंधरा मिनिटांत होतो. चढ पायांना जाणवत नाही, छातीला जाणवतो. वर पोचल्यावर जिने भराभर चढू नयेत, पाणी पीत राहावं, डोकं दुखायला किंवा गरगरायला लागलं तर फोटोंचा मोह सोडून पुढच्या गाडीने खाली यावं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारावं, टूर मॅनेजरला नव्हे. बाबांना तिथे बाकावर बसवून ठेवावं लागलं होतं. ते म्हणाले, ‘तुम्ही फिरा, मी इथूनच बघतो.’ समोर भिंत होती.

ज्यांना उंची झेपत नाही त्यांना मी मॉरिशस सुचवेन, आणि जमल्यास गणपतीत. तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेली मराठी घरं त्या दिवशी मूर्ती वाजतगाजत पाण्यावर नेतात. सप्टेंबरमध्ये गेलात तर हवाही थंड आणि कोरडी मिळते. भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागत नाही. पण गणपती मेमध्ये येत नाहीत, त्यामुळे हेही तुम्हाला रिकामटेकड्यांचंच वाटेल.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मॉरिशसच्या राहण्या-जेवण्याबद्दल किंवा हिंटरटुक्सला कसं पोचायचं याबद्दल काही विचारायचं असेल तर खाली विचारा, सांगेन. चोचल्यांवर आणखी लिहायचं असेल तर मात्र आपला स्वतःचा ब्लॉग काढावा, ही विनंती.