‘यीस्ट नको, सल्फाइट नको’: काजूच्या बोंडांच्या वाईनच्या त्या मेसेजमधला एकेक दावा

काजूचा हंगाम सुरू झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक कृती फिरू लागते: किलोभर बोंडं न धुता चिरा, अर्धा किलो साखर आणि लिटरभर पाणी घाला, बरणीचं झाकण घट्ट लावून 40 दिवस ठेवा. बाजारातलं यीस्ट आणि सल्फाइट (वाईन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं संयुग) हे विष, त्यानेच डोकं दुखतं, आपले पूर्वज अशीच नैसर्गिक वाईन करत आणि ती मुरेल तितकी उत्तम, असंही त्यात लिहिलेलं असतं. सुरुवात पूर्वजांपासूनच करू, कारण सगळा मेसेज त्यांच्याच नावावर उभा आहे.

किनाऱ्यावर यीस्ट न घालता आंबवण्याची परंपरा आहे, हे खरं. माडाच्या पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, निघालेला रस मडक्यातच आंबू लागतो आणि त्याची माडी होते. पण ती त्याच दिवशी पितात, दुसऱ्या दिवशी ती आंबट होते आणि पुढे तिचा व्हिनेगर होतो. गोड नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. गोव्यात बोंडांचा रस काही न घालता तीनेक दिवस आंबवतात, पण लगेच भट्टीवर चढवून त्याची हुर्राक आणि फेणी काढतात. म्हणजे एक तर ताजं प्यायचं, नाही तर ऊर्ध्वपातन करायचं, नाही तर व्हिनेगर होऊ द्यायचा. आंबलेला रस या उकाड्यात महिनोन्‌महिने मुरवत ठेवायची रीत त्यात बसत नाही. आपल्या हवेत काय टिकतं आणि काय टिकत नाही, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

‘फळावरचं यीस्ट पुरतं.’ आंबायला सुरुवात करायला पुरतं, पण शेवटाला नेत नाही. फळाच्या सालीवर जास्त करून असतात ती रानटी यीस्टं 4-5 टक्के अल्कोहोलला मरू लागतात. आता मेसेजमधली साखर मोजा. बोंडांची स्वतःची साखर धरली तर लिटरला 280 ग्रॅमच्या आसपास जाते. 1 टक्का अल्कोहोलला लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर लागते, म्हणजे 5 टक्क्यांना 85. आंबणं तिथेच अडकलं तर उरलेली दोनशे ग्रॅम साखर तशीच राहते, आणि या गोड, कोमट पाण्यावर बॅक्टेरियांचं फावतं. त्यात लिटरभर पाणी घालून फळाची होती ती आम्लताही पातळ केलेली असते. वाईनचं पाकिटातलं यीस्ट हे केमिकल नाही. तो वाळवलेला जिवंत जीव आहे, दही लावताना वापरतो त्या विरजणासारखा. रानटी यीस्टच हवं असेल तर विरजणासारखंच वागवा: धुतलेल्या निवडक बोंडांचा अर्धा लिटर रस आधी वेगळा आंबवा आणि दोन-तीन दिवसांनी हुंगा. पिकलेल्या फळाचा वास आला तर मोठ्या भांड्यात घाला. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा आला तर ओतून द्या.

‘झाकण घट्ट लावा.’ ही ओळ सर्वांत धोक्याची. 100 ग्रॅम साखर आंबली की 25 लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो आणि काचेची बरणी तो पेलू शकत नाही. झाकणातून नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा, म्हणजे वायू बाहेर जातो आणि हवा आत येत नाही. चिलटंही आत जात नाहीत. व्हिनेगर करणारे बॅक्टेरिया त्यांच्या पायांवरूनही येतात.

सल्फाइटबद्दल एक गोष्ट मान्यच करायला हवी: दम्याच्या काही रुग्णांना त्याचा खरोखर त्रास होतो. पण संपूर्ण सल्फाइटमुक्त वाईन जवळजवळ नसतेच, यीस्ट स्वतःही थोडं तयार करतं. सुक्या नारिंगी जर्दाळूंत वाईनपेक्षा कितीतरी पट जास्त असतं आणि ते खाऊन डोकं धरल्याची तक्रार कुणी करत नाही. डोकं दुखवतो तो मुख्यतः अल्कोहोल. शिवाय आम्लता कमी असलेल्या, बॅक्टेरिया माजलेल्या रसात हिस्टामिन हा डोकं दुखवू शकणारा पदार्थ तयार होतो, म्हणजे निष्काळजी ‘नैसर्गिक’ वाईनच जास्त त्रास देऊ शकते. बोंडांच्या रसाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) 4 च्या आसपास असतो. तो 3.5 पर्यंत आणायला सायट्रिक आम्ल किंवा लिंबू घाला. कोकमाचं आगळ नको, त्यात मीठ असतं. मग 10 लिटरला 1 ग्रॅम केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे सल्फाइटची पूड) पुरतं. यीस्ट त्यानंतर एका दिवसाने.

बोंडं घसा धरतात, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. लिटरला 5 ग्रॅम साबुदाणा शिजवून रसात ढवळा, रात्रभर ठेवा. घसा धरणारं टॅनिन साक्याबरोबर खाली बसतं, वरचा नितळ रस घ्या. पाणी न घालता लिटरला 80 ग्रॅम साखर घातली की अल्कोहोल 11 टक्क्यांच्या आसपास जातो.

जॉर्जिया देशात द्राक्षाची वाईन मातीच्या रांजणात काही न घालता होते, हा दाखलाही दिला जातो. तिथला रांजण गार जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला असतो आणि द्राक्षात साखर-आम्ल दोन्ही भरपूर असतं. इथे एप्रिलात खोलीत 32-33 अंश असतात. भांड्याला ओलं फडकं गुंडाळायची युक्ती नाशिकच्या कोरड्या हवेत चालते. किनाऱ्यावरच्या दमटपणात फडकं सुकतच नाही, मग गारवा कुठून येणार? भांडं पाण्याच्या टबात ठेवून त्यात बर्फाच्या बाटल्या सोडा आणि सकाळ-संध्याकाळ बदला.

मुरण्याचं म्हणाल तर फळांची हलकी वाईन वर्षभरातच प्यायची असते. त्यातही साका नळीने वेगळा केला नाही तर कुबट वास धरते.

परवान्याशिवाय वाईन करणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 खाली गुन्हा आहे, हेही तो मेसेज सांगत नाही. वरची मापं परवाना घेऊन उत्पादन करणाऱ्यांसाठी आहेत. ज्यांनी बरणी भरून झाकण लावलंच आहे, त्यांनी तिच्यावर जाड टॉवेल टाकून, तोंड लांब ठेवून झाकण हळूहळू सैल करावं. मग रस गाळून, दुप्पट पाणी घालून रुंद तोंडाच्या बरणीत ओतावा, वर मलमल बांधावी आणि ताज्या, न उकळलेल्या व्हिनेगरचं पेलाभर विरजण घालावं. आंबणं चालू राहिलं, तर काही आठवड्यांत माशाच्या कालवणाला चालेल असा व्हिनेगर हाती येतो.