चुकीच्या पर्यायांची बाजू

सर, नमस्कार.

घटक चाचणीतल्या वस्तुनिष्ठ प्रश्नांवरच्या (पर्याय, चूक की बरोबर, रिकाम्या जागा, जोड्या लावा) माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं लिहिते आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तुनिष्ठ प्रश्न म्हणजे शिक्षकाने तपासणीतून अंग काढून घेणं. मुलं अंदाजपंचे दाहोदरसे किंवा शेजारच्याचं बघून खुणा करतात आणि पास होतात. चुकीचे पर्याय म्हणजे पोरांना फसवायला टाकलेला गळ. आणि दहावीत कोकण विभाग वर्षानुवर्षं पहिला येतो, तो इथली मुलं अजून हाताने पानं भरून लिहितात म्हणून.

शेवटचा मुद्दा आधी घेते, तो लवकर आटपेल. 2024 साली आपल्या विभागाचा दहावीचा निकाल 99.01 टक्के लागला, त्याचा अभिमान मलाही आहे. पण शंभरातले नव्याण्णव उत्तीर्ण झाले एवढ्यावरून कोणाला काय आलं नाही हे मला वर्गात उभं राहून कळत नाही. शिवाय त्याच दहावीच्या गणित-विज्ञानाच्या पेपरात पहिल्या प्रश्नात पर्याय असतातच. तेव्हा निकालाचं श्रेय एकट्या पानं भरण्याला देऊ नका.

आता अंग काढून घेण्याबद्दल. 'भरती-ओहोटीची कारणे सविस्तर लिहा' हा प्रश्न फळ्यावर लिहायला अर्धा मिनिट पुरतो, कष्ट पडतात ते तपासताना. पर्यायांच्या प्रश्नात कष्ट परीक्षेच्या आधी पडतात आणि ते कोणाला दिसत नाहीत, एवढाच फरक. तपासणीतल्या न्यायाचं म्हणाल, तर अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी 1912 साली इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका 142 शिक्षकांकडून तपासून घेतली. कोणी 64 गुण दिले, कोणी 98. मूल तेच, अक्षर तेच, ओळी त्याच. आपल्याकडे असा प्रयोग केला तर फार वेगळं निघेल असं मला वाटत नाही. सुवाच्य अक्षराचे दोन गुण जास्त पडतात हे शिक्षक-खोलीत सगळेच हसत मान्य करतात.

मात्र 'वस्तुनिष्ठ' या शब्दाने शिक्षकही फसतात, तिथे तुमचा राग रास्त आहे. वस्तुनिष्ठ असते ती फक्त तपासणी. प्रश्न कुठला घ्यायचा, कुठल्या उद्दिष्टाला किती वजन द्यायचं, चार पर्याय कुठले ठेवायचे, हे सगळं शिक्षकाच्या डोक्यातून येतं. संविधान तक्ता, म्हणजे कुठल्या उद्दिष्टावर किती प्रश्न याचा आराखडा, न करताच प्रश्न काढायला बसलं की वीसच्या वीस प्रश्न 'ज्ञान' या एकाच रकान्यात जाऊन पडतात, कारण तसे प्रश्न पुस्तकातलं वाक्य मोडून लगेच तयार होतात. अशा चाचणीला तुम्ही नावं ठेवलीत तर मी तुमच्याच बाजूची आहे.

गळाचा मुद्दा मात्र मला मान्य नाही, आणि मला मुख्यतः त्यावरच बोलायचं आहे.

सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा धडा घ्या. किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला आडाखा म्हणजे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. त्यावर मी असा प्रश्न काढते: 'चतुर्थीला समुद्राला पूर्ण भरती साधारण किती वाजता येईल?' पर्याय: 12, 3, 4, 9. उत्तर 3. आता उरलेले तीन बघा. 4 लिहिणाऱ्या मुलाने तिथी म्हणजेच वेळ असं धरलं, पाऊणपट केलीच नाही. 9 लिहिणाऱ्याने आकडेमोड बहुधा बरोबर केली, पण भरती आणि ओहोटीची अदलाबदल केली, कारण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. 12 लिहिणारा अमावास्या-पौर्णिमेची वेळ सगळ्या तिथींना लावतोय, म्हणजे भरतीची वेळ रोज पुढे सरकते हेच त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. तिघांचेही गुण शून्य, पण दुसऱ्या दिवशी तिघांशी मी तीन वेगळ्या गोष्टी बोलणार. पहिल्याला गणित, दुसऱ्याला शब्द, तिसऱ्याला चंद्र.

हेच पर्याय 3, 17, 25, 40 असे ठेवले असते तर प्रश्न फुकट गेला असता. घड्याळात 25 वाजत नाहीत हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. आणि मुद्दाम शब्दांचा घोळ घालून हुशार मुलालाही चकवणारा पर्याय ठेवला, तर तो खरोखरच गळ, त्याचं समर्थन मी करणार नाही. चुकीचा पर्याय मुलाच्या खऱ्या चुकीतून आलेला हवा. ती चूक शिक्षकाने कल्पनेने ठरवायची नाही, मुलांच्या वह्यांतून उचलायची. आदल्या वर्षीच्या दीर्घोत्तरी उत्तरांत मुलांनी जे उलटसुलट लिहिलेलं असतं तेच माझं भांडार. तेव्हा सर, मुलांनी लिहिणं थांबवलं तर सगळ्यात आधी माझीच अडचण होईल.

दुसरं उदाहरण वाऱ्यांचं. 'रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना काय म्हणतात?' याचं उत्तर मतलई वारे, ते पाठ असतं आणि पाठच राहतं. त्याऐवजी असं विचारलं: 'शिडाची होडी पहाटे बंदरातून बाहेर काढायला वाऱ्याची मदत का होते?' पर्याय: रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा समुद्राकडे वाहतो, रात्री समुद्र जमिनीपेक्षा लवकर थंड होतो आणि वारा समुद्राकडे वाहतो, पहाटे वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, पहाटे नेहमी ओहोटी असते. पहिल्या दोनांत वाऱ्याची दिशा एकच आहे, फक्त कारण उलटं. नुसती दिशा पाठ केलेलं मूल इथे अडखळतं, ज्याला कारण समजलंय ते अडखळत नाही. हा उपयोजनाचा, म्हणजे शिकलेलं वापरण्याचा प्रश्न झाला, आणि खूण एकच करायची आहे. (वर्गात एकाने विचारलंच, 'बाई, होडीला इंजिन असतं ना?' त्याचा बाप ट्रॉलरवर आहे. म्हणून 'शिडाची' या शब्दाखाली आता रेघ असते.)

यातून एक अडचण येते, ती तुम्ही काढली नाहीत पण काढायला हवी होती. तिथीचा प्रश्न बंदरालगतच्या वाडीतल्या पोराला घरूनच येतो, सह्याद्रीच्या पायथ्याकडून आलेल्याला नाही. त्याच्या घरी भाताचा तरवा (रोपं) आणि लावणी. म्हणून आडाखा मी प्रश्नातच लिहून देते. मग तपासला जातो तो त्याचा वापर, घरचा वारसा नव्हे.

अंदाजाचा हिशोब तुम्ही रागाने मांडलात, पण तो खरा आहे आणि आकड्यांत आणखी वाईट दिसतो. चूक की बरोबर असे दहा प्रश्न दिले आणि काहीही न वाचता खुणा केल्या, तर शंभर मुलांतली सुमारे 38 मुलं सहा किंवा जास्त गुण मिळवतील. चार पर्यायांच्या दहा प्रश्नांत तेवढे गुण शंभरातली दोनच मिळवतील. पण उत्तीर्ण व्हायला 35 टक्के, म्हणजे दहात चार, एवढीच रेघ ठेवली तर चार पर्यायांतही शंभरातली 22 नुसत्या नशिबावर पार होतात. म्हणजे 35 टक्क्यांची रेघ लेखी उत्तरांसाठी ठीक, नुसत्या पर्यायांच्या दहा प्रश्नांना ती लावणं म्हणजे सोडतच. असल्या चाचणीवर मी पास-नापास ठरवत नाही. ऋण गुणही लावत नाही. स्पर्धा परीक्षेत ते असू देत, वर्गात त्याने भित्री मुलं येत असलेलं उत्तरही सोडून देतात. चूक की बरोबरमध्ये एवढंच करते: विधान चूक असेल तर चुकलेला शब्द खोडून बरोबर शब्द लिहायचा, तरच गुण. नाणेफेक तिथे संपते. आणि विधानांत 'नेहमी', 'फक्त', 'कधीच' टाळते. असा शब्द दिसला की विधान चूक, हे मुलं धडा न वाचताही ओळखतात.

आपल्या भाषेने केलेली चहाडी हा माझा आवडता विषय. 'रत्नागिरीचा ____ प्रसिद्ध आहे' आणि पर्याय हापूस, सुपारी, करवंदं, जांभळं. 'रत्नागिरीचा' म्हटल्यावर उरलं काय? इंग्रजी पुस्तकांतले प्रश्न बनवण्याचे नियम लिंगाच्या या खुणेबद्दल सांगत नाहीत, कारण तिथे विशेषणाला लिंग नसतं. मराठीत विभक्ती, क्रियापद, अनेकवचन, सगळेच फितूर होतात. रिकामी जागा शेवटी ठेवली आणि प्रश्न कर्त्याच्या लिंगावर अवलंबून ठेवला नाही की बरंचसं सुटतं.

रिकाम्या जागांचं दुसरं दुखणं असं. 'सिंधुदुर्ग किल्ला ____ बांधला.' पुस्तकाला हवं असतं 'शिवाजी महाराजांनी'. मुलं लिहितात 'मालवणला', 'कुरटे बेटावर', 'समुद्रात', आणि एखादा हुशार 'शत्रूवर नजर ठेवायला'. सगळं बरोबर, आणि गुण एकालाच. इथे तर तपासणीही वस्तुनिष्ठ राहिली नाही. 'सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम ज्या बेटावर 1664 मध्ये सुरू झालं त्याचं नाव ____' असं लिहिलं की उत्तर एकच.

जोड्यांबद्दल दोनच गोष्टी. डावीकडे पाच तर उजवीकडे सात, म्हणजे शेवटची जोडी फुकट मिळत नाही. आणि जोड्यांच्या एका प्रश्नात एकच प्रकार: सगळे किल्ले आणि त्यांची ठिकाणं, किंवा सगळ्या नद्या आणि त्यांच्या काठची गावं. वाशिष्ठी, सुवर्णदुर्ग आणि हापूस एका रांगेत ठेवले तर उत्तर जोडायला भूगोल लागत नाही.

चाचणी झाल्यावरचं काम बहुतेक जण सोडून देतात. पुस्तकात काठिण्य निर्देशांक (प्रश्न किती अवघड) आणि भेदन निर्देशांक (प्रश्न हुशार आणि कच्ची मुलं किती वेगळी करतो) येतो, गुणांनुसार वरची 27 टक्के आणि खालची 27 टक्के मुलं घेऊन. आपल्या शाळांचा पट बघता सत्तावीस टक्के म्हणजे चार पोरं, त्यावर निर्देशांक काढणं म्हणजे थट्टा. मी उत्तरपत्रिका एकूण गुणांनुसार लावते, मधोमध दोन गठ्ठे करते आणि प्रत्येक प्रश्नाला कुठल्या गठ्ठ्यात कुठला पर्याय किती जणांनी निवडला ते मोजते. वरच्या गठ्ठ्यातली मुलं चुकली आणि खालची बरोबर आली, तर बहुधा प्रश्न नासका. एखादा पर्याय कोणीच निवडला नाही तर तो मेलेला, पुढच्या वेळी तीनच पर्याय ठेवते. चार हा आकडा वर्गात पवित्र नाही, दोन चांगले चुकीचे पर्याय सुचले तर तेवढेच पुरेत.

कॉपीचा तुमचा टोला बरोबर आहे. जमिनीवर दोन रांगांत बसलेल्या मुलांना शेजारच्याचं 'क' दिसतंच. प्रश्नांचा क्रम बदलून दोन संच काढते, त्याने थोडं भागतं, सगळं नाही.

आणि लिहिणं. मुलाला विचार मांडता येतो का, कारण आधी आणि परिणाम नंतर असं सांगता येतं का, हे कुठलाही पर्याय तपासू शकत नाही. शिष्यवृत्तीच्या आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय ठेवत असत, पण त्यानेही ते साधत नाही. म्हणून भरती-ओहोटीची माझी 20 गुणांची चाचणी अशी असते: पर्यायांचे आठ प्रश्न, दुरुस्तीसह चूक-बरोबरचे चार, चार गुणांची आकृती, आणि चार गुणांचा एक प्रश्न, 'उधाणाच्या दिवशी खाडीचं पाणी शेतात का शिरतं, ते तुमच्या शब्दांत लिहा'. तो शेवटचा प्रश्न मी सगळ्या मुलांचा एकत्र तपासते, नावाची बाजू दुमडून.