पंचामृतातले चार आणि नारळाचा रस

गेल्या चतुर्थीला पुण्यात राहणारी माझी भाची पाच दिवसांसाठी आमच्याकडे सिंधुदुर्गात आली आणि पायांवर पाणी घेता घेताच तिने सांगून टाकले, "आत्या, मी आता दूध, दही, तूप, मध यांतले काहीच खात नाही." मासे तिने त्याआधीच सोडले होते आणि चतुर्थीत ते आमच्याही घरात शिजत नाहीत, त्यामुळे अडचण होती ती फक्त दुधाची. सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहून विचारले, "दूध नाय, तूप नाय, मगे तू खातलंस तरी काय गो?" पुढचे पाच दिवस चुलीवर चढणारा प्रत्येक पदार्थ मी तिच्या नजरेने तपासत राहिले. त्यातून जे हाती लागले ते इथे लिहीत आहे, कारण या विषयावर दोन टोकांची मते वारंवार ऐकू येतात आणि मला ती दोन्ही अर्धवट वाटतात.

वीगन आहार, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीच न खाणे, हे परदेशी खूळ आहे, असे एक मत आहे. शब्द परदेशी आहे यात शंका नाही. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ केला. दुसरे मत असे की आमचे कोकणी जेवण पहिल्यापासून वीगनच आहे. बांगड्याच्या वासावरून शेजारच्या घरात काय शिजते आहे ते ओळखणाऱ्या माणसांनी असे म्हणावे, याचे मला हसू येते.

तरीही या दुसऱ्या मतात एक खरी गोष्ट दडलेली आहे. घाटावरच्या शाकाहारी जेवणाला दूध, दही, ताक आणि तूप यांचा आधार असतो. आमच्याकडे त्या जागी नारळ आहे. याचे कारण जमिनीत आणि पावसात आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडूनही दिवाळीनंतर कातळावरचे गवत वाळून जाते, आणि या डोंगरउतारांवर चरणारी लहान चणीची कोकण कपिला गाय दिवसाला जेमतेम दोन लिटर दूध देते. त्यातले वासराला ठेवून उरलेले चहाला आणि देवाला पुरले तरी खूप झाले. बासुंदी आणि श्रीखंड या मुलखात सणाचे पक्वान्न होऊ शकले नाही. परसात माड होते, म्हणून शिरवळ्यांबरोबर, म्हणजे तांदळाच्या उकडलेल्या शेवयांबरोबर, नारळाचा रस (ओले खोबरे वाटून पिळलेले दूध) आला, खापरोळी ही जाड जाळीदार आंबोळी रसात बुडाली आणि हरभऱ्याची डाळ व साबुदाणा त्याच रसात शिजून मणगणे झाले.

इथे स्वयंपाकातली एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. उकळत्या दुधात गूळ घातला की ते बहुधा फाटते, कारण गुळाच्या आंबटपणाने दुधातले प्रथिन साकळते. नारळाच्या रसात गूळ बिनदिक्कत विरघळतो. साखर विकत आणावी लागत होती त्या काळात गूळ आणि रस यांची जोडी का जमली, याचे बरेचसे उत्तर मला यातच दिसते. मात्र नारळाच्या रसाचेही एक पथ्य आहे. पहिला दाट रस बाजूला ठेवायचा, दुसऱ्या-तिसऱ्या पातळ रसात पदार्थ शिजवायचा आणि दाट रस शेवटी घालून भांडे लगेच उतरवायचे. तो खळखळून उकळला की तेल वेगळे होते आणि रस चोथापाणी दिसू लागतो. सोलकढी तर आम्ही चुलीवर चढवतच नाही. या सगळ्या पद्धती आमच्याकडे आधीपासून असताना बदामाचे दूध विकत आणून त्याची खीर करण्याचा सल्ला मला अनाकलनीय वाटतो.

त्या पाच दिवसांत काळ्या वाटाण्याचे सांबारे, वडे, आंबोळ्या, घावणे, अळूचे फतफते आणि ऋषिपंचमीची कंदमुळांची भाजी यांत मला एक अक्षरही बदलावे लागले नाही. उकडीच्या मोदकांच्या उकडीत तुपाऐवजी चमचाभर खोबरेल घातले आणि मोदकावर तुपाच्या धारेऐवजी दाट रस घातला, एवढाच काय तो फरक. पंचामृताचे मात्र काही करता आले नाही, कारण त्यातल्या पाचपैकी चार पदार्थ तिला वर्ज्य होते. तिने देवापुढे हात जोडले आणि पाचवी, म्हणजे साखर, तेवढी तोंडात टाकली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, हे मी विशेष म्हणून नोंदवते.

खरी फसगत दिसत नाही अशा ठिकाणी होती. पानात डावीकडे वाढलेल्या तळलेल्या सांडगी मिरच्या ताकात मुरवलेल्या असतात, हे मीच विसरले होते आणि तिने त्यातल्या दोन खाल्ल्यानंतर मला आठवले. घाईच्या दिवशी सोलकढीसाठी मी नारळाच्या दुधाची तयार पावडर आणून ठेवते. तिच्या पाकिटावरचा बारीक मजकूर भाचीने वाचून दाखवला, तेव्हा त्यात केसिनेट, म्हणजे दुधातलेच प्रथिन, असल्याचे समजले. नारळाच्या नावाखाली दूध विकले जाते हे वयाच्या पन्नाशीनंतर कळावे, याची मला लाज वाटली.

चतुर्थी सरल्यावरचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो दुधाचा नसून सुकटीचा, म्हणजे सुकवलेल्या बारीक मासळीचा, आहे. आमच्या भाज्यांना चव येते ती पुष्कळदा मूठभर सुकट किंवा जवळा यांमुळे. वांग्यात, मुळ्यात, फणसाच्या भाजीतसुद्धा ती असते आणि कुळथाच्या पिठीबरोबर भाजलेला सुका बांगडा नसेल तर आमच्याकडे पुरुषमंडळींचे तोंड वाकडे होते. ही जागा भरून काढायला मला तिरफळ हा झणझणीत वासाचा मसाला आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला दाट रस, हे दोनच पदार्थ उपयोगी पडलेले आहेत. तिरफळातले काळे बी काढून टाकावे, वरचे टरफल जरासे ठेचून शेवटी घालावे, आणि वाटपाचे खोबरे नेहमीपेक्षा थोडे जास्त काळपट भाजावे. तरी ती चव येत नाही. वेगळी चव येते आणि ती मला आवडते, पण दोन्ही एकच आहेत असे मी कोणाला सांगणार नाही.

म्हणूनच किनाऱ्यावरच्या एका निवासात वाढली गेलेली वीगन मालवणी थाळी पाहून मी चिडले होते. माशाच्या आमटीत टोफूचे तुकडे सोडलेले होते. बाहेर मार्चमधले काजू झाडांना लागलेले असताना हा उद्योग कशासाठी? ओल्या काजूगरांची उसळ हा पदार्थ त्या दिवसांत कोणत्याही आमटीला मागे टाकतो. तो महाग आहे हे मान्य. गर शेकड्यावर विकले जातात आणि त्यामागे बी फोडणाऱ्या बाईचे हात असतात. सालीतल्या चिकाने कातडी सोलवटते, म्हणून ती हाताला तेल किंवा राख चोळून बसते. प्राण्याला त्रास नको म्हणणाऱ्या माणसाने या हातांचाही भाव करताना विचार करावा, असे मी भाचीला म्हटले आणि तिला ते पटले.

आरोग्याबद्दल एवढेच सांगते की वनस्पतींतून बी-१२ जीवनसत्त्व भरवशाचे मिळत नाही, त्यामुळे आजीच्या हातच्या जेवणाचे कितीही गुण गायले तरी गोळी घ्यावी लागते, आणि भाची ती डॉक्टरांना विचारून घेते. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आहेच. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. मी स्वतः मासे सोडलेले नाहीत आणि सोडण्याचा विचारही नाही. सोमवार, गुरुवार आणि श्रावण मात्र आता आमच्या घरात दुधाशिवायही जातात.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. बरक्या फणसाच्या रसात तांदळाच्या कण्या आणि गूळ घालून केलेली सांदणे आम्ही दुधात भिजवत असू. दुधाऐवजी नारळाचा दाट रस घातला की माझी सांदणे मधोमध गिच्च राहतात. ज्यांच्या घरी ती पूर्वीपासून रसातच होतात, त्यांनी कण्या आणि रस यांचे प्रमाण खाली लिहावे. मे महिन्यात भाची परत येणार आहे.